मेणाच्या माने बाई

माने बाईंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो दुकानाच्या पायरीवर उभं राहून, आत पाऊल टाकायच्या आधी. सांगलीत गणपती पेठेच्या एका बोळात माझं फ्रेमांचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चालवतो. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, निरोप समारंभातली मानपत्रं असं सगळं आमच्याकडे चौकटीत बसतं. त्या दिवशी साठीच्या आसपासच्या एक उंच, सडसडीत बाई जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी पोटाशी धरून आल्या आणि म्हणाल्या, "दुपारी तीन वाजता तुमच्या दुकानात ऊन कुठपर्यंत येतं?"

मी म्हटलं, "आत या की बाई. पाणी देऊ?"

"पाणी नंतर. ऊन कुठपर्यंत येतं ते सांगा."

दुकानाचं तोंड पश्चिमेला. मी उंबऱ्याच्या आत दोन फुटांवर बोट दाखवलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजले होते. "मग मी तीनपर्यंत थांबते," म्हणाल्या आणि खरंच थांबल्या. स्टुलावर ताठ बसून, गाठोडं मांडीवर घेऊन. तीन वाजता ऊन मी दाखवलेल्या जागेच्या वीतभर पुढे आलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आत्ता जानेवारी आहे. मे महिन्यात काय होत असेल?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढी एक पिवळी वडी काढली, आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवली आणि सांगितलं, "आठ दिवसांनी येते. हिला हलवू नका. हलवलीत तर मला कळेल."

गाठोडं त्यांनी उघडून दाखवलंच नाही. साताऱ्याहून साडेतीन तास एसटीनं आल्या आणि तसंच परत नेलं. माझ्या बायकोला, रेहानाला, मी घरी जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "वेडी हाय का काय ती?" मलाही तसंच वाटलं, पण वडी मात्र मी हलवली नाही.

आठ दिवसांनी बाई आल्या. वडी काचेच्या तुकड्यावर पालथी ठेवून डोळा काचेच्या पातळीवर आणून बघत राहिल्या. एखादा कोपरा वाकला आहे का, ते बघत होत्या. वाकला नव्हता. "ठीक आहे," म्हणाल्या आणि तेव्हा कुठे साडीच्या घड्या सोडल्या.

आतून जे निघालं त्याला चित्र म्हणायचं की जमिनीचा तुकडा, हेच मला आधी कळेना. प्लायवूडच्या जाड फळीवर एक उघडा माळ होता. माळावर दगड होते, आणि ते रंगवलेले नव्हते, वर आलेले होते. नांगरटीच्या रेघा बोट घालता येईल इतक्या खोल होत्या. वरच्या बाजूला तांबूस टेकडी, तिच्या उतारावर मेंढरांची वाट, आणि त्या सगळ्यावर आतून उजेड आल्यासारखी एक मऊ झाक. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात!" बाई ओरडल्या. तीस वर्षं साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवलेला आवाज होता तो. मी हात मागे घेतला आणि पाठीशी धरला, जसा चौथीत धरायचो तसा.

ते सगळं मेण होतं, त्या पिवळ्या वडीसारखंच. मधमाशांचं मेण आणि राळ एकत्र वितळवायची, त्यात रंगाची पूड घालायची, आणि ते गरम असतानाच कुंचल्यानं फळीवर चढवायचं. ते क्षणात थिजतं. मग हार्डवेअरच्या दुकानात जुना रंग सोलवायला जी गरम वाऱ्याची बंदूक मिळते, ती फिरवून नवा थर खालच्या थरात मुरवायचा. पुन्हा थर, पुन्हा वारा. असे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस थर. अर्धवट गार झालं की त्यावर काहीबाही दाबायचं, घोंगडीचा तुकडा, खिसणी, फणी, गोणपाट. मग पात्यानं खरवडून खालचा रंग वर काढायचा. बाईंच्या ओट्यावर यासाठी एक विजेचा सपाट तवा होता आणि त्यावर रंगारंगाच्या पत्र्याच्या वाट्या मांडलेल्या असत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई एकाच वेळी आठ भाज्या करतायत.

त्या मूळच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, दहिवडीजवळच्या एका वाडीतल्या. मेणाचा नाद कुठून लागला असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी, "कशाला विचारताय?" असा प्रश्न केला. मग बऱ्याच वेळानं, दुसऱ्याच कुठल्या बोलण्यात, सांगून टाकलं. त्यांची आई सकाळी कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायची आणि त्यावर कुंकू लावायची. "दिवसभर उन्हात खुरपलं, घाम आला, पदरानं तोंड पुसलं तरी ते जागचं हलायचं नाही. संध्याकाळी चुलीपुढं बसली की मेण जरा पाझरायचं आणि कुंकू चकाकायचं. मला तेव्हाच वाटायचं, रंग असा पाहिजे." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपण या माणसाला जास्तच सांगितलं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संशय हा बाईंचा स्वभाव नव्हता, ती त्यांची काम करायची रीत होती. एकदा मी चिडून म्हणालो, "बाई, तुम्ही कशावर तरी विश्वास ठेवता का हो?" तर म्हणाल्या, "आमच्या माणमध्ये ढग आला तरी आम्ही आधी संशयच घेतो, शिकलगार. बरसला की मग बघू." मला त्या नुसतं आडनावानं हाक मारायच्या. शाळेत हजेरी घेतल्यासारखं.

साताऱ्यातले सगळे फ्रेमवाले त्यांच्या यादीतून बाद झाले होते. एकानं मेणाला काच चिकटवून लावली होती. दुसऱ्यानं ओल्या लाकडाची पट्टी वापरली होती. तिसऱ्याचा काही गुन्हा नव्हता, पण तो फार गोड बोलायचा. मी खोल पेटीसारखी फ्रेम करतो, चित्र आणि काच यांच्यात अंतर राहतं, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्या सांगलीपर्यंत आल्या. येताना एसटीत नेहमी उजव्या बाजूला बसायच्या, कारण सकाळी साताऱ्याहून खाली येताना ऊन डावीकडून येतं. परतताना दुपार उलटलेली असते आणि गाडी उलट दिशेला असते, म्हणून तेव्हाही उजवीच. उजवीकडची जागा मिळाली नाही तर गाडी सोडून द्यायच्या आणि पुढच्या गाडीची वाट बघायच्या. चित्र कायम मांडीवर. एका कंडक्टरनं एकदा प्रेमानं, "मावशी, वर ठेवतो की," म्हटलं, तर त्याला म्हणाल्या, "का? तुला का ठेवायचंय?"

फ्रेम होईपर्यंत दुकानातून हलायच्या नाहीत. डबा आणलेला असायचा, भाकरी आणि ठेचा. मलाही द्यायच्या, पण नंतर चित्राजवळ येताना मी हात धुतलेत की नाही हे आधी हुंगून बघायच्या. माझ्या प्रत्येक खिळ्याकडे त्यांचं लक्ष. शुक्रवारी दुपारी मी नमाजाला जातो हे कळल्यावर त्यांनी बारीक चौकशी केली. शटर पूर्ण ओढता का? कुलूप कुणी बघितलंय का? समोरच्या काचवाल्याकडे दुसरी किल्ली तर नाही ना? मी म्हटलं, "आवं बाई, मी अल्लाच्या दारात जातोय. मागं दुकान त्याच्याच भरवशावर हाय." बाई म्हणाल्या, "त्याच्यावर माझा भरवसा आहे. शटरवर नाही."

मेणाच्या बाबतीत तर विचारूच नका. जावळीच्या जंगलातून एक मधवाला त्यांच्याकडे मेणाची ढेप घेऊन यायचा. मी एकदा फ्रेमचा नमुना दाखवायला साताऱ्याला गेलो होतो तेव्हा तो आलेला होता. बाईंनी ढेपेचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि शांतपणे चघळू लागल्या. मधवाला माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. बाई पाच मिनिटं चघळत होत्या. मग तुकडा तळहातावर काढला, उजेडात धरला, पुन्हा तोंडात टाकला. शेवटी म्हणाल्या, "यात मेणबत्ती आहे."

"आईच्यान न्हाई वो बाई!"

"आईला मधे आणू नकोस. किती घातलीस?"

"आवं, जरा... तळाला जराशी आसंल. पोरानं भांडं धुतलं नसंल."

"तू धूत जा," बाई म्हणाल्या आणि ढेप परत दिली. तो गेल्यावर मी विचारलं, "कळतं कसं?" त्या म्हणाल्या, "खरं मेण दाताला चिकटत नाही आणि घाईही करत नाही." हे वाक्य मला फार आवडलं. ते मेणाबद्दलच होतं, असं मी आजही धरून चालतो.

एकदा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं साताऱ्यात चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. पोरगा पत्रिका द्यायला घरी येऊन पाया पडला होता. बाई गेल्या. भिंतीवर एक मोठा माळ, दगडधोंडे, नांगरटीच्या रेघा, सगळं वर आलेलं. खाली लिहिलं होतं, मेणचित्र. बाई त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि चित्राच्या कोपऱ्यात हळूच खुपसला. मेण असतं तर आकडा अलगद आत गेला असता. तो गेला नाही, कट्ट वाजला. वाजला तो इतका की पलीकडे चहा पिणारे लोक वळले. पोरगा धावत आला. बाई आकडा हातात धरून, जराही न ओशाळता, म्हणाल्या, "हे प्लास्टिकचं लुकण आहे, भिंतीच्या भेगांत भरतात तसलं. मेण लिहू नकोस. खोडून टाक." पोरानं बिचाऱ्यानं खोडलं. ही हकीकत मला त्या पोरानंच नंतर सांगितली, आणि सांगताना त्याच्या आवाजात राग कमी आणि अभिमानच जास्त होता.

त्या प्रसंगानंतर बाईंना भीती बसली की उद्या कुणी आपल्या चित्राची हुबेहूब नक्कल करून आपल्याच गळ्यात मारेल. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक चित्राच्या अगदी तळाच्या थरात, कोऱ्या फळीला लागून, त्या बाजरीचा एक दाणा पुरायच्या. कुठे पुरला ते वहीत मापांसह टिपलेलं असायचं. वरून वीस थर चढले की तो दाणा कुणालाही दिसायचा नाही. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आमच्या ओळखीला सहा वर्षं झाली होती. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "हे तुम्हाला सांगायला नको होतं." पण सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःशीच हसत होतो. मला फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटत होतं.

आता तो मे महिना सांगायला हवा. इतकी वर्षं मी तो चारचौघांत सांगितला नाही.

ज्या शाळेत बाईंनी नोकरी केली, त्या शाळेनं नव्या सभागृहासाठी त्यांच्याकडे एक चित्र मागितलं. बाईंनी सात महिने घेतले. चार फूट रुंद, आजवरचं त्यांचं सगळ्यात मोठं चित्र, एसटीत मावेना म्हणून टेम्पोनं आणलेलं. माणचा माळ, वरच्या डाव्या अंगाला टेकडी आणि टेकडीवरून उतरणारं मेंढरांचं खांड. प्रत्येक मेंढरू वेगळं, त्यांच्या पाठींवर लोकरीचा ठसा. मी पुष्कळ चित्रं बसवली आहेत, पण त्या मेंढरांपुढे मी हातातली पट्टी खाली ठेवली.

बाई नेहमीप्रमाणे स्टुलावर बसल्या होत्या. तेवढ्यात दहिवडीहून फोन आला, भाऊ अत्यवस्थ आहे. त्यांना लगेच जावं लागणार होतं, आणि एवढं मोठं चित्र घेऊन तीन गाड्या बदलणं शक्य नव्हतं. पहिल्यांदाच त्या चित्र माझ्याकडे ठेवून गेल्या. जाताना कागदावर सूचना लिहून दिल्या. पहिलीच सूचना होती, आतल्या खोलीतून बाहेर काढू नये.

शुक्रवारी सकाळी मी ते बाहेर काढलं. आतल्या खोलीत चार फुटांची फ्रेम फिरवायला जागा नव्हती, म्हणून. काउंटरवर आडवं ठेवलं, पट्ट्या लावून पाहिल्या, आणि नमाजाची वेळ झाली. मी घाईत नुसतं काचेचं दार ओढलं, शटर वरच राहिलं. मशिदीतून मावसभावानं जेवायला घरी ओढून नेलं. परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. मे महिन्याचं ऊन काचेतून सरळ काउंटरवर पडलं होतं, आणि चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली नांगरट, चार बोटं रुंद पट्टा, बसून सपाट झाली होती. तव्यावर लोणी पसरावं तशी.

तेव्हाच बाईंना फोन करायला हवा होता. मी केला नाही. भाऊ अत्यवस्थ आहे, त्यांना कशाला त्रास, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. सहा वर्षं ज्या एका गोष्टीचा त्यांनी संशय घेतला होता, नेमकी तीच मी करून बसलो होतो. मग मी शहाणपणा केला. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायची छोटी इस्त्री जरा गरम केली, ते मेण पुन्हा मऊ केलं, फणीनं रेघा ओढल्या आणि बाई करतात तसं त्यावर गोणपाट दाबलं. दुकानामागे एक पोतं पडलं होतं. तेच कापून घेतलं. सांगलीत पोतं म्हणजे बहुतेक हळदीचं असतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दोन तास खपल्यावर ते मला तरी पहिल्यासारखंच दिसलं.

संध्याकाळी रेहानाला सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका की त्यांना. खाणार हाय का ती बाई तुमाला?"

मी म्हटलं, "हो. खाणार हाय."

पाचव्या दिवशी बाई आल्या. भाऊ सावरला होता. चेहरा दमलेला होता, पण चित्रावरचं कापड काढताच तो बदलला. एक मिनिटही गेलं नाही. त्यांचं बोट त्या कोपऱ्याच्या वर, हवेत, थांबलं.

"हा हात माझा नाही."

मी काउंटर पुसायला फडकं घेतलं.

"ही वीण माझ्या पोत्याची नाही. माझं ज्वारीचं पोतं, जाड सुतळीचं. ही बारीक आहे. आणि इथं पिवळं कुठून आलं?"

आणि मी म्हणालो, "उजेडाचा फरक असंल बाई. न्हाईतर पिवळं कुठनं येतंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्या आधीही पुष्कळदा पाहायच्या, पण या वेळी त्यात खोडकरपणा नव्हता. त्या म्हणाल्या, "शिकलगार, हे चित्र तुम्ही बदललंय. नक्कल आहे ही. माझं कुणाला दिलंत?"

मी शपथ घेतली की हे तेच चित्र आहे. ती शपथ खरी होती, हेच वाईट. बाईंनी पिशवीतून वही काढली, पानं उलटली, पट्टी लावून माप घेतलं. दाणा कुठे पुरला होता ते मला तेव्हा कळलं. मेंढरांच्या खाली. खांडाच्या बरोबर मधे.

त्यांनी पातं हातात घेतलं आणि खरवडायला सुरुवात केली. पहिलं मेंढरू गेलं. मग दुसरं, तिसरं. लोकरीचा ठसा, त्याखालचा तांबूस थर, त्याखालचा पांढरा. मेणाचे कुरळे काप काउंटरवर पडत होते. मी तोंड उघडलं असतं तर पहिल्या मेंढरापाशी ते थांबलं असतं. दुसऱ्यापाशीही थांबलं असतं. मी समोर उभा राहून सात मेंढरं जाताना पाहिली. मग पात्याखाली काहीतरी कुरकुरलं. बाजरीचा दाणा होता.

बाईंनी तो दाणा बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरला. मग पातं खाली ठेवलं, साडीचा पदर सावरला आणि माझ्यापुढे हात जोडले. "चुकले मी. तुमच्यावर नको तो आळ घेतला." उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितली असेल असं मला वाटत नाही. मी म्हणालो, "असू दे बाई, असू दे." तेव्हाही मी खरं बोललो नाही. उलट त्यांना चहा पाजला, आणि तो त्यांनी हात धुतलेत का हे न विचारता घेतला.

शाळेला चित्र गेलं नाही. सभागृहात कुठला तरी छापील धबधबा लागला. आणि बाईंचं येणं थांबलं. सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांच्या त्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, बाईंनी मेणाचं काम सोडलंय, तवा माळ्यावर टाकलाय. का, तर म्हणतात, मला माझा हात ओळखू येईना, मला पिवळं दिसायला लागलंय, डोळे गेले. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं तुमचे डोळे उत्तम आहेत. बाईंचं म्हणणं, डॉक्टर खोटं बोलतोय.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण म्हणून मी साताऱ्याला गेलो असं नाही. दोन वर्षं गेलो नाही. भित्रेपणाला पाय नसतात, तो बसल्या जागी वाढतो. शेवटी बाईंनीच बोलावलं. त्यांना उरलेली चित्रं भाचीला द्यायची होती. फोनवर म्हणाल्या, "तुम्ही येऊन रंग बघून सांगा. मला खात्री वाटत नाही. तुम्ही सांगाल ते खरं."

गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेर छोटी गॅलरी, समोर किल्ल्याचा डोंगर. बाई बारीक झाल्या होत्या. भिंतीला सहा चित्रं लावून ठेवली होती. एकाकडे बोट करून म्हणाल्या, "हा उतार मला पिवळट दिसतो. तुम्हाला कसा दिसतो?"

"पिवळटच हाय बाई. वाळल्या गवताचा रंग हाय तो."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

आयुष्यभर जगावर संशय घेतलेली बाई आता फक्त स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होती, आणि विश्वास ठेवत होती तो माझ्यावर. मला ते सोसवेना. मी खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, काचेचं दार, ऊन, इस्त्री.

माझं संपल्यावर बाईंनी विचारलं, "पोतं कशाचं होतं?"

"हळदीचं."

"हळदीचं." त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे पिवळं होतं."

"होतं बाई."

"वीण बारीक होती."

"होती."

"हात माझा नव्हता."

"नव्हता. माझा होता."

मग त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला तसा शाळेतला आवाज गेला आणि माणचा आला. "दोन वर्सं! दोन वर्सं मी तव्याला हात लावला न्हाई, शिकलगार! तुमाला कायच वाटलं न्हाई? आन् मी मेंढरांवर पातं चालवत हुते, तवा? समूर हुबं ऱ्हाऊन बघत हुता न्हवं तुमी?"

मी मान खाली घालून, "माफ करा," एवढंच म्हणालो.

"न्हाई करत," बाई म्हणाल्या. "निघा."

मी निघालो. नंतर ऐकलं की त्यांनी पुन्हा काम सुरू केलं, आणि शेवटच्या आजारपणापर्यंत अकरा चित्रं केली. त्यातलं एकही माझ्याकडे फ्रेमला आलं नाही. फ्रेमसाठी त्यांनी कराडचा एक माणूस धरला होता आणि तो त्यांच्या जाचाला कंटाळला होता म्हणे. मला त्याचा हेवा वाटला.

त्या दिवशी जिना उतरून मी रस्त्यावर आलो आणि राहवेना म्हणून वर पाहिलं. बाई गॅलरीत आल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. डावा डोळा तळहातानं झाकून बराच वेळ पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. मग दोन्ही हात खाली घेऊन, कठड्याला धरून, तो सगळा वाळलेला, पिवळा उतार त्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत बघत राहिल्या.